दोन उजेडांमधला कागद

रात्री उघड्या मैदानावर गाणं रंगलेलं असताना जलरंग घेऊन बसलं, की मांडीवरच्या कागदावर दोन ठिकाणांहून उजेड पडतो. एक मंचाचा. तो सारखा बदलतो, लांबून येतो आणि कागदापर्यंत पोचेपर्यंत जेमतेम उरतो. दुसरा आपण पॅडला चिमटा लावून अडकवलेल्या छोट्या दिव्याचा. पहिल्यांदा रात्री चित्र काढायला जाणाऱ्याला अंधाराची धास्ती असते. पण अंधाराला डोळे हळूहळू सरावतात. चित्र बिघडवतो तो हा चिमट्याचा दिवा. त्याच्यावाचून कागद दिसत नाही, आणि तो लावला की समोरचा मंच आहे तसा दिसेनासा होतो.

असं का होतं हे समजलं की अर्धी तयारी झाली. आपल्या डोळ्यातल्या शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडातल्या. त्यांना उजळ आणि गडद एवढंच कळतं. उजेडातून अंधारात आल्यावर शंकुपेशी साधारण दहा मिनिटांत स्थिरावतात, दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला ३० ते ४० मिनिटं लागतात. एवढ्या वेळात कमावलेली नजर प्रखर पांढऱ्या उजेडाच्या काही सेकंदांत जाते. खाली पडलेलं खोडरबर शोधायला मोबाइलचा टॉर्च लावला, की समोरच्या गर्दीतली डोकी, खांदे, उचललेले हात हे सगळं एक काळी भिंत होऊन बसतं, आणि ती भिंत पुन्हा माणसांची व्हायला बराच वेळ जातो.

दंडपेशींची आणखी एक खोड आहे. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८१९ मध्ये टिपून ठेवलं होतं की पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुलं जवळजवळ काळी दिसतात आणि हिरवी-निळी पानं त्यांच्या मानाने उजळ दिसतात. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पिवळट हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, अंधारात तो कळस ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकतो. महोत्सवाच्या मैदानावर गंमत अशी, की या दोन्ही नजरा एकाच वेळी चालू असतात. मंचावर एवढा प्रकाश असतो की तिथे शंकुपेशी रंग पाहतात. मंचापासून वीस-तीस मीटर मागे बसलेल्या माणसांकडे पाहताना बरंचसं काम दंडपेशींकडे जातं. म्हणून गर्दीतल्या कुणाचा लाल सदरा, कुणाची हिरवी ओढणी रंगवायला जाऊ नये. तो लाल रंग आपल्याला माहीत असतो, दिसत नसतो. एका चित्रात एक भाग रंगीत आणि एक भाग जवळपास बिनरंगी, हा रात्रीचा खरा अनुभव आहे. तो तसाच कागदावर आला तर चित्रातली रात्र ओळखायला काळा रंग लागत नाही.

आता दिव्याकडे. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: उजेड कमी-जास्त करता येतो का, प्रकाशाचा रंग काय आहे आणि मान वाकवता येते का. रंग ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असावा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट) आणि रंगदर्शकांक, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, पाकिटावर सीआरआय म्हणून लिहिलेला आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असावा. पुस्तक वाचायचे बरेच छोटे दिवे २७०० केल्विनचे, पिवळट असतात. त्या उजेडात पांढरा कागदच पिवळसर दिसतो, त्यामुळे त्यावर टाकलेला फिकट पिवळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिसतच नाही. मग आपण आणखी पिवळा घालतो, आणि सकाळी मंचाभोवती हळदीचा डाग निघतो. आकाश पाहणारे लोक डोळ्यांची नजर राखायला लाल दिवा वापरतात, म्हणून काही जण तोच आणतात. त्यांच्या कामाला तो उत्तम, जलरंगाला अगदी निरुपयोगी. लाल उजेडात लाल, नारिंगी, गुलाबी हे सगळे रंग कागदाच्या पांढऱ्यात विरून जातात आणि निळा-हिरवा दोन्ही काळे दिसतात. कपाळावर बांधायचा दिवाही नको. मान वर केली की तो पुढच्या माणसाच्या मानेवर किंवा थेट वादकाच्या डोळ्यांत जातो, आणि ऐकायला आलेल्या माणसाला आपल्या छंदाचा त्रास होणं हे काही बरं नाही. चिमट्याचा दिवा पॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लावावा (डावखुऱ्यांनी उजव्या), त्याच्या तीन बाजूंना काळ्या कागदाची किंवा काळ्या चिकटपट्टीची दोन-तीन सेंटिमीटरची झालर करावी, म्हणजे उजेड फक्त कागदावर पडतो.

तो किती ठेवायचा, हा खरा कळीचा प्रश्न. दिवा जास्त असला की कागद मंचाहूनही लख्ख दिसतो. आपण त्यावर गडद रंग टाकतो, तरी तो पुरेसा गडद वाटत नाही, आणखी टाकतो. घरी नेऊन खोलीतल्या साध्या उजेडात पाहिलं तर चित्र कोळशासारखं. दिवा फार मंद असला की उलट होतं. कागद आधीच करडा दिसत असल्यामुळे हलका हात पुरेसा वाटतो आणि सकाळी मिळते ती ढगाळ दुपार. मधला मार्ग असा: दिवा पूर्ण मंद करून सुरुवात करायची, पेन्सिलीची रेघ नीट दिसेपर्यंतच वाढवायचा, आणि मग कोऱ्या कागदाची तुलना मंचावरच्या सर्वांत उजळ जागेशी करायची. कागद तिच्याहून लख्ख दिसता कामा नये. एकदा ठरलं की रात्रभर त्या बटणाला हात लावायचा नाही.

याहूनही भरवशाचा उपाय आधी दिवसाउजेडी करून ठेवता येतो. ज्या कागदावर चित्र करणार त्याच कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी, अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणाने तिच्यावर कोऱ्यापासून जास्तीत जास्त गडदपर्यंत पाच पायऱ्या कराव्यात, वाळू द्यावी आणि रात्री पॅडच्या कडेला चिकटवावी. दिवा पिवळा असो, मंद असो, पट्टीही त्याच उजेडात असते. डोळे फसले तरी तुलना फसत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, आणि पट्टी वाळलेली आहे. आकाश चौथ्या पायरीचं हवं असेल तर ओला वॉश पाचवीच्या जवळ दिसायला हवा.

कागद लहान घ्यावा. पूर्ण शीट ५६ गुणिले ७६ सेंटिमीटरची असते. तिचा आठवा भाग, म्हणजे साधारण १९ गुणिले २८, रात्रीला भरपूर झाला. मोठ्या कागदावर दिव्याचं वर्तुळ पुरत नाही, एक टोक उजळ आणि दुसरं काळोखात राहतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने फळीला बसवावा. पॅलेटमध्ये सहा रंग, फार तर आठ. त्यांच्या जागा कधीही बदलू नयेत, कारण अंधारात अल्ट्रामरीन, इंडिगो, थॅलो ब्लू आणि गडद जांभळा हे चारही सारखेच काळे दिसतात आणि ब्रश जागेवरच्या भरवशानेच बुडवायचा असतो. माझ्या मते थॅलो ब्लू रात्री आणूच नये. त्याचा चिमूटभर अंश अख्ख्या मिश्रणाला गिळतो, कागदाच्या तंतूंत कायमचा बसतो आणि नंतर उचलता येत नाही. अल्ट्रामरीन जड, दाणेदार, मवाळ रंग आहे. वाळल्यावरही ओल्या ब्रशने बराचसा निघतो. पुढे प्रकाशाचे झोत काढताना याचीच गरज पडते. पाणी दोन डब्यांत, प्रत्येकी २०० मिलिलिटर, घट्ट झाकणाचे आणि बसके. स्पीकरजवळ बसलं तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पाण्यावर वलयं उठतात, आणि गर्दीत उंच डबा लवंडतोच. ब्रश तीन: दहा नंबरचा राउंड (गोल), अर्ध्या इंचाचा फ्लॅट (चपटा) आणि बारीक रेघांसाठी लांब केसांचा रिगर.

मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढरी राखायची जागा झाकायचा रबरी द्रव, मात्र घरीच राहू द्यावं. दमट हवेत ते नीट वाळत नाही, अर्धवट ओलं असताना त्यावरून ब्रश गेला तर ब्रशचे केस चिकटून जातात, आणि ओलसर कागदावरून ओढून काढताना कागदाचा पापुद्रा सोबत येतो.

मैदानावर पोचायचं ते सूर्यास्ताच्या निदान पाऊण तास आधी. उजेडात ठरवलेल्या गोष्टीच रात्री उपयोगी पडतात. ध्वनियंत्रणेचा कक्ष बहुतेक वेळा मंचासमोर मध्यभागी मागे असतो. त्याच्या बाजूला किंवा पाठीशी बसलं तर मंच सरळ दिसतो, मागून धक्का बसत नाही आणि आवाज समतोल पोचतो. स्पीकरच्या तोंडाशी बसायचं नाही, चित्रासाठी नाही तसं कानांसाठीही नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. चित्रकार दोन-तीन तास एकाच जागी बसतो, त्यामुळे कानात बोळे हवेतच.

मंचाचा सांगाडा, छताची कमान, दिव्यांचे आडवे गज, दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या माळा आणि झाडांची कड हे सगळं उजेड असतानाच पेन्सिलीने काढून घ्यायचं. क्षितिजरेषा पक्की करायची. सपाट जमिनीवर आपण उभे असू तर जवळच्या आणि लांबच्या उभ्या माणसांची डोकी साधारण त्याच एका रेषेवर येतात, बदलतो तो डोक्याचा आकार आणि पाय कुठे टेकतात ते. आपण खाली बसलो असू तर पुढची उभी माणसं त्या रेषेच्या खूप वर जातात आणि मंच झाकतात. हे ठरवण्याआधी रंगाला हात लावला तर गर्दी उतारावर घसरल्यासारखी दिसते, आणि ओल्या गडद वॉशमध्ये ती दुरुस्ती करता येत नाही.

सूर्य मावळल्यावर क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा जो संधिप्रकाश, त्यातला शेवटचा तुकडा चित्राला सोन्यासारखा. विषुववृत्ताजवळ तो सगळा वीस-बावीस मिनिटांत आटोपतो, जसजसं ध्रुवांकडे जावं तसतसा रेंगाळतो. त्या वेळी आकाशाची निळाई आणि मंचाचा उजेड तोडीस तोड असतात आणि कडा स्पष्ट दिसतात. पुष्कळ जण रात्रीचं चित्र म्हणून याच वेळेचं चित्र करतात. त्यात काही गैर नाही. आकाशाची गडद-उजळ नोंद या वेळी पट्टीवर खूण करून ठेवली तर पुढे आधार होतो.

रंग लावण्याचा क्रम दिवसासारखा सावकाश ठेवून चालत नाही, कारण रात्री वाळण्याचा हिशेबच वेगळा. पाणी उडून जातं ते हवा आणखी बाष्प घेऊ शकते म्हणून. रात्री हवा थंडावते, तीच वाफ तिला जड होते आणि दिवसा दहा मिनिटांत वाळणारा वॉश अर्धा-पाऊण तास ओला राहतो. त्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मोकळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली फळी स्वतःची उष्णता आकाशाला देऊन भोवतालच्या हवेहूनही थंड होते आणि तिच्यावर दव धरतं. अर्धवट ओल्या रंगात दवाचं किंवा ब्रशमधलं जास्तीचं पाणी शिरलं की फुलकोबीच्या कडेसारखे डाग उमटतात. म्हणून फळी झाडाखाली किंवा मांडवाच्या कडेला न्यावी, नाहीतर उभी धरावी. हातात मावणारा बॅटरीचा पंखा बराच वेळ वाचवतो. वॉश वाळला का हे बोट लावून पाहू नये. डोळे फळीच्या पातळीला आणून दिव्याच्या उलट बाजूने तिरकं पाहावं: चकाकी आहे तोवर पाणी वर उभं आहे, चकाकी गेली पण कागद हाताच्या पाठीला गार लागतो, तोवर आत ओल आहे. ही मधली अवस्था सर्वांत फसवी. बहुतेक डाग इथेच पडतात. दोन पॅड आळीपाळीने चालवले तर ती अवस्था शांतपणे सरते.

सुरुवात दिव्यांपासून. जिथे प्रखर दिवा आहे तिथे कागदाचा गाभा कोरडा, पांढरा ठेवून भोवती स्वच्छ पाण्याचं वलय करायचं आणि त्यात फिकट पिवळा किंवा गुलाबी सोडायचा, बाहेर जाता जाता विरू द्यायचा. हे वलय ओलं असतानाच आकाशाचा गडद रंग त्याला येऊन भिडायला हवा. म्हणून गडद मिश्रण आधी तयार हवं, या आकाराच्या कागदाला निदान दोन चहाचे चमचे भरून, साधारण दुधाच्या साईखालच्या दाट दुधाएवढं दाट. मध्येच संपलं आणि पुन्हा करायला बसलं तर रंगही जुळत नाही आणि कडही वाळते. वरून सुरू करून दिव्यांच्या वलयापर्यंत उतरायचं, जवळ येताना पाणी वाढवायचं. रात्रीचं आकाश मंचाजवळ कधीच सर्वांत गडद नसतं. दिव्यांचा उजेड धुरकट हवेत पसरतो आणि कमानीच्या वरचा पट्टा उजळतो. खरा काळोख कागदाच्या वरच्या कोपऱ्यांत असतो. एकाच दमात योग्य गडदपणा गाठणं अवघड वाटतं, पण तीन थर देऊन गाठलेला काळोख मातकट होतो. खालचा रंग ढवळला जातो आणि कागदाचा श्वास कोंडतो. थोडा कमी गडद पण एका हाताने लावलेला वॉश मला कधीही जास्त आवडेल.

गर्दी हा एकच आकार आहे. तो मंचाच्या खालच्या अंधाराला जोडून घ्यावा आणि माणसं फक्त वरच्या कडेवर सांगावीत. मंचाचा उजेड डोक्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, वर केलेल्या बोटांवर मागून पडतो आणि तिथे पेन्सिलीच्या रेघेएवढी चमकती कड दिसते. ती नंतर पांढऱ्याने काढण्यापेक्षा आकाश आणि गर्दी यांच्या मधे तेवढी कोरडी फट सोडणं चांगलं, कारण फटीतून कागद दिसतो आणि कागदाइतकं उजळ काहीच नसतं. फट सगळीकडे सारखी मात्र नको. चार-पाच डोक्यांवर ठळक, बाकी ठिकाणी मिटलेली.

मंचावरचे एलईडी दिवे रंगाच्या बाबतीत कागदाची परीक्षा पाहतात. ते प्रकाशाचे रंग आहेत: लाल आणि हिरवा झोत जिथे मिसळतात तिथे पिवळं दिसतं. रंगाच्या डबीतले लाल आणि हिरवा मिसळले तर तपकिरी. म्हणून दोन झोतांची सरमिसळ पॅलेटवर करायची नाही, डोळ्याला जो परिणाम दिसतो तो रंग सरळ उचलायचा. शिवाय एलईडीचा जांभळट गुलाबी आणि हिरवट निळा इतके धगधगीत असतात की कोणतंही रंगद्रव्य तिथवर पोचत नाही. क्विनाक्रिडोन मॅजेंटा हा जांभळट गुलाबी रंग स्वच्छ पाण्यात, कोऱ्या कागदावर एकदाच लावावा आणि त्याच्या शेजारचा सगळा परिसर किंचित हिरवट करड्यात दाबावा; मग तो पेटतो. चमकदार फ्लुरोसंट गुलाबी वापरायचा मोह होतो, पण ते रंग उजेडात लवकर उडतात. वहीत बंद राहणाऱ्या चित्राला चालतील, भिंतीवर लागणाऱ्या चित्राला नाहीत. आणि सावल्या पाहाव्यात. लाल आणि निळा असे दोन दिवे वेगवेगळ्या बाजूंनी असतील तर वादकाच्या दोन सावल्या पडतात. लाल अडला तिथली सावली निळी आणि निळा अडला तिथली लाल. मंचाच्या फरशीवर हे दोन फटकारे बरोबर पडले की बाकी काही सांगावं लागत नाही.

पण दिवे बदलतात, दर काही सेकंदांनी. त्यांच्यामागे धावलं की कागदावर पाच गाण्यांचे पाच उजेड जमतात आणि एकही खरा राहत नाही. प्रकाशयोजना आधी बसवलेली असेल तर ध्रुवपद आलं की उजेडाची तीच मांडणी बहुतेक परत येते. पहिली दोन-तीन गाणी हात आवरून फक्त ही आवर्तनं पाहावीत, एक मांडणी निवडावी आणि समासात तिच्या खुणा लिहून ठेवाव्यात: मागून निळा, डावीकडून केशरी, चेहरे तिसरी पायरी. वादकांचंही तसंच. व्हायोलिनचा गज वर-खाली होताना कोपर दोन टोकांना क्षणभर थांबतं, ढोल वाजवणारा ठोक्याआधी हात उचलतो. निसटलेली मुद्रा परत येणारच असते.

थेम्स नदीच्या रात्री रंगवणारे जेम्स व्हिस्लर जागेवर रंग लावत नसत. ते समोरचं दृश्य एकटक पाहत, मग पाठ फिरवून सोबतच्या माणसाला ते शब्दांत सांगत. चुकलं तर पुन्हा वळून पाहत. ही सवय मैदानावर दिव्याइतकीच कामाची आहे. मंचाकडे दहा-पंधरा सेकंद पाहावं, डोळे मिटावे, काय उरलं ते मनात म्हणावं आणि मग मान खाली घालावी. सारखं वर-खाली पाहिलं की नजर प्रत्येक वेळी दोन उजेडांत आपटते आणि कुठल्याच उजेडाला सरावत नाही.

प्रकाशाचे झोत अगदी शेवटी, आकाश खडखडीत वाळल्यावर. झोत दिसतो तो हवेतल्या धुरामुळे. उगमाशी तो अरुंद आणि लख्ख, पुढे रुंद आणि विरळ. कागदाच्या दोन पट्ट्या त्या कोनात ठेवून मधल्या जागेवरून ओला करून पिळलेला फ्लॅट ब्रश उगमाकडून बाहेर एकदाच ओढायचा आणि लगेच टिश्यूने टिपायचं. दोनदा घासलं तर कागद उसवतो. सुती कागदावर रंग खोल बसतो, त्यामुळे झोत अगदी पांढरा निघणार नाही, आणि तो निघूही नये. धुरातला उजेड दिव्याइतका उजळ नसतोच. गर्दीतले मोबाइलचे पडदे म्हणजे तीन-चार थंड निळसर ठिपके. त्यांच्यासाठी ट्यूबमधून सरळ घेतलेला पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग) चालतो, त्यात किंचित निळा घालून. ठिपके सात-आठ झाले की मंचाचा उजेड मरतो, म्हणून मोजून द्यावेत.

किडे येणारच. ओल्या वॉशमध्ये चिलट अडकलं तर ते काढायला जाऊ नये. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटकलं की निघतं आणि मागे टाचणीच्या टोकाएवढी खूण राहते.

उठताना चित्रावर कागद झाकू नये, आत ओल असते. फळीवरच चिकटपट्ट्यांसकट, तोंड उघडं ठेवून न्यावं आणि पट्ट्या सकाळी काढाव्यात, कागदाच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने, फळीला जवळपास समांतर ओढत. मग खिडकीपाशी, थेट ऊन येत नसेल तिथे, ते पहिल्यांदा तिसऱ्या उजेडात पाहायचं. आकाश फिकं पडलं असेल तर वरच्या कोपऱ्यांतून पाणीदार इंडिगोचा एक वॉश देता येतो. गर्दीच्या कडेवरची एखादी फट जास्त उघडी राहिली असेल तर ओल्या ब्रशच्या टोकाने मिटवता येते. मंचावरच्या रंगांना मात्र हात लावू नये. ते दिवसा विचित्र दिसतात, एखाद्या गायकाचा चेहरा निळा निघतो, अर्धा हात केशरी, आणि दुरुस्त करावंसं वाटतं. रात्री तो चेहरा निळाच होता.